परात

शारजाच्या कडेला आमचा कॅम्प. त्या भागाचं नाव सजा.
अरबीत अर्थ काय, कधी कोणाला विचारलं नाही.
मराठीत पुरेसा आहे.

एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग.
माझ्या खालच्या पलंगावर सिलास आढाव, राहुरीचा,
आमच्याच मंडळीतला.
त्याच्या आईने पहिल्या खेपेलाच
ज्वारीच्या पिठाबरोबर परात बांधून दिली होती,
जर्मनची, काठाला एक पोचा.

समोरच्या खोलीत मीर वली. बन्नूचा.
पूर्वी ट्रेलरवर होता, आता गेटवर बसतो.
साखरेनं पाय बहिरे झालेत, म्हणतो.
खिळा रुतला तरी रात्री बूट काढल्यावर समजतं.

एका गुरुवारी ड्युटीवरून आलो
तर सिलास फरशीवर बसलेला
आणि मीर वलीचे पाय आमच्या परातीत.
अरे, म्हटलं, हिच्यात पीठ मळतो आपण!
घासून घेतो, म्हणाला.
एवढंच.
वचनं त्याला तोंडपाठ आहेत.
त्यातलं एखादं काढून माझ्या तोंडावर मारलं असतं
तर मला भांडता तरी आलं असतं.

तीन दिवस मी त्याची भाकरी खाल्ली नाही.
खुबूस आणायचो, वर पलंगावर बसून चहात बुडवायचो.
चौथ्या रात्री, नको असताना, आजोबा आठवले.
गावच्या हॉटेलात त्यांचा कप बाहेर,
वळचणीला खोचलेला असायचा.
पाणी वरून, ओंजळीत.
त्यांचा नातू मी, विमानात बसून इथवर आलो
आणि एका परातीवरून उपाशी.
हे सिलासला बोललो नाही.
बोललो असतो तरी तो कांदाच कापत राहिला असता.

पगार झाल्यावर रोल्यातून नवी आणली,
स्टीलची, अठरा दिरहम.
म्हटलं, ही पिठाला, जुनी त्याच्या पायांना. मिटलं.
सिलासनं ती हातात फिरवली, नखानं वाजवून बघितली
आणि गुरुवारी मीर वलीचे पाय
नव्या परातीत ठेवले.
जुनीला पिठाची सवय आहे, म्हणाला.

ऑगस्टात कंपनीनं त्याला रुवैसला पाठवलं, सहा आठवडे.
बॅगेची चेन ओढता ओढता सांगत होता:
पाणी कोपरानं बघ. बोटानं नको,
बोटं वेल्डिंगनं मेलीत आपली.
त्याला चटका कळत नाही, तुला कळायला पाहिजे.
बेचक्या कोरड्या कर.
नखं सरळ काप, कोपरे खोदू नकोस.
मी हो म्हटलं नव्हतं.

गुरुवारी रात्री दारात चपला घासत आल्या.
मीर वलीनं रिकामा पलंग बघितला,
काही बोलला नाही, वळला.
चपला परत निघाल्या.
आणि माझ्याच तोंडून आलं, आओ बाबा.

कोपर बुडवलं. आई धाकटीला न्हाऊ घालताना
असंच बघायची.
खोटं कशाला सांगू, मळमळलं.
प्रेमबिम काही वाटलं नाही त्या वेळी.
प्रार्थना करायला गेलो तर एक शब्द येईना.
करंगळीखाली वाटाण्याएवढी जखम होती.
ती बघायला जेवढा वाकलो
तेवढा देवळातही कधी वाकलो नव्हतो.

वरून त्यानं विचारलं, पानी गरम है या ठंडा?
कोमट, म्हटलं.
त्याला कळेना. मला हिंदी शब्द सुचेना.
शेवटी त्याचा हात धरला आणि पाण्यात घातला,
त्याच्याच पायांशेजारी.
बराच वेळ त्यानं तो तिथंच ठेवला.
कोमट, म्हणाला. कोमट.

मग टॉवेल हवा होता.
सिलास तो कुठे ठेवतो, विचारायचं राहिलंच होतं.
माझाच घेतला.